कर भरणारा एक, कर सोसणारा दुसरा

नगर जिल्ह्यातील कोणत्याही कांदा उत्पादकाच्या घरी जावे. फडताळात किंवा खुंटीला टांगलेल्या पिशवीत आडत्यांनी दिलेल्या पट्ट्यांची एक चळत हमखास सापडते. कोणी नेप्तीच्या उपबाजारात माल नेलेला असतो, कोणी घोडेगावला, कोणी राहुरी-वांबोरीला, तर कोणी पारनेरला. प्रत्येक पट्टीवर गोण्यांची संख्या, वजन आणि भाव लिहिलेला असतो आणि खाली हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडे, उचल अशा वजावटीच्या ओळी असतात. शेतकरी या ओळी बारकाईने वाचतो. तोलाईत दोन रुपये जास्त धरले तर तो भांडतो, आणि ते योग्यच आहे. परंतु १९ ऑगस्ट २०२३ ते ३१ मार्च २०२५ या काळात, मधला काही भाग वगळता, या साऱ्या ओळींपेक्षा मोठी असलेली एक वजावट त्याच्या भावातून होत होती आणि ती कोणत्याही पट्टीवर लिहिलेली नव्हती. ती वजावट म्हणजे कांद्यावरील निर्यातशुल्क. ते प्रथम चाळीस टक्के होते आणि १३ सप्टेंबर २०२४ पासून वीस टक्के झाले.

हा कर कोणी भरला? कायद्याला विचारले तर उत्तर मिळते : निर्यातदाराने. नगरच्या शेतकऱ्याला विचारले तर उत्तर मिळते : आम्ही. ही दोन्ही उत्तरे खरी आहेत. कायद्याने जबाबदार कोण आणि प्रत्यक्ष भार वाहणारा कोण, यांतील हे अंतर हाच या लेखाचा विषय आहे. त्या अंतराचा फायदा घेऊनच दिल्लीतील राज्यकर्ते ‘शेतकऱ्यावर आम्ही कोणताही कर बसवला नाही’ असे उजळ माथ्याने सांगू शकतात. आपल्या कार्यकर्त्यांना या विधानाचा प्रतिवाद सभेत करता यायचा असेल, तर आधी कायदा काय म्हणतो हे नीट समजून घेतले पाहिजे.

आयात आणि निर्यात या दोन्हींवरील शुल्काची आकारणी १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२ अन्वये होते आणि दर १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याने ठरतात. आयातीचे शुल्क आयातदाराने भरावयाचे, निर्यातीचे निर्यातदाराने. निर्यातदार कोण, याची व्याख्या कलम २ च्या उपकलम (२०) मध्ये आहे. माल निर्यातीसाठी दाखल झाल्यापासून तो देशाबाहेर जाईपर्यंत त्या मालाचा जो मालक असेल तो, अथवा जो स्वतःला निर्यातदार म्हणवतो तो, निर्यातदार. २०१७ मध्ये या व्याख्येत लाभधारी मालकाचीही भर पडली, म्हणजे कागदावर एक नाव आणि नफा घेणारा दुसरा असेल तर त्या दुसऱ्यालाही धरता यावे. निर्यातदाराने कलम ५० खाली शिपिंग बिल दाखल करावयाचे आणि शुल्क भरले गेले की कलम ५१ खाली माल जहाजावर चढवण्याची परवानगी मिळावयाची. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापसात ‘शुल्क तुझे की माझे’ असा कोणताही करार केला तरी सरकारला त्याचे सोयरसुतक नसते. शुल्क कमी भरले गेले तर कलम २८ खाली सामान्यतः दोन वर्षांच्या आत आणि लबाडी असेल तर पाच वर्षांच्या आत सरकार निर्यातदारालाच नोटीस काढते. त्याच्या वतीने बंदरात कागदपत्रे पाहणाऱ्या दलालाची जबाबदारीसुद्धा कलम १४७ ने आखून दिलेली आहे.

मालक, लाभधारी मालक, दलाल, अधिकारी अशा सर्वांची नोंद कायद्याने घेतली आहे. एकच माणूस त्यातून सुटला आहे, आणि तो म्हणजे ज्याने माल पिकवला तो. कांदा नेप्तीच्या ओट्यावर विकला गेला की पारनेरच्या शेतकऱ्याचा त्या कांद्याशी असलेला कायदेशीर संबंध संपतो. न्हावाशेवा बंदरात त्या कांद्याचे काय होते, किती शुल्क लागते, ते कोण भरतो, यात त्याला पक्षकार म्हणून स्थान नाही. कायद्याच्या दृष्टीने हे निर्दोष आहे. अर्थकारणाच्या दृष्टीने मात्र ती शुद्ध डोळेझाक आहे.

आता २०२३ साली काय घडले ते पाहू. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कांद्याचे भाव कोसळले होते. सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हाती सर्व खर्च वजा जाता दोन रुपयांचा धनादेश पडल्याची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारने पुढे क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केले, तेही दोनशे क्विंटलच्या मर्यादेत. त्या वेळी दिल्लीला कोणतीही घाई झाली नाही. मात्र ऑगस्टमध्ये भाव सावरू लागताच १९ तारखेला, शनिवारी, चाळीस टक्के निर्यातशुल्काची अधिसूचना निघाली. नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, जागोजागी शेतकरी रस्त्यावर आले. तेव्हा २२ ऑगस्टला केंद्राने २४१० रुपये क्विंटल दराने आणखी दोन लाख टन कांदा खरेदी करण्याचे जाहीर केले. आधीचे तीन लाख टन धरून हा साठा पाच लाख टनांचा होणार होता. त्या आधीच्या वर्षात देशात सुमारे ३०२ लाख टन कांदा पिकला होता. म्हणजे साठ गोण्यांमागे एक गोणी सरकार घेणार आणि उरलेल्या एकोणसाठ गोण्या शुल्काने दाबलेल्या बाजारात विकल्या जाणार!

पुढची घसरण सर्वांना ठाऊक आहे. २८ ऑक्टोबरला टनाला आठशे डॉलर असे किमान निर्यातमूल्य ठरवण्यात आले. ८ डिसेंबरपासून निर्यात सरसकट बंद झाली. ही बंदी ३१ मार्च २०२४ ला उठणार होती, ती त्यापूर्वीच बेमुदत वाढवली गेली. ४ मे २०२४ रोजी, लोकसभेच्या निवडणुका चालू असताना, बंदी उठली; पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि चाळीस टक्के शुल्क यांच्यासह. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी. याचा परिणाम सरकारच्याच आकड्यांत दिसतो. २०२२-२३ मध्ये देशाची कांदानिर्यात २५ लाख टनांच्या वर होती. २०२३-२४ मध्ये ती १७ लाख टनांवर आली आणि २०२४-२५ मध्ये १८ मार्चपर्यंत ११ लाख ६५ हजार टनांवर.

शुल्क शेतकऱ्यापर्यंत कसे पोहोचते, याचा एक साधा हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकाने आपल्या बाजारातले आकडे घालून पाहावे. समजा, दुबईचा किंवा कोलंबोचा खरेदीदार बंदरावर पोहोचलेल्या किलोभर कांद्याला तीस रुपये द्यायला तयार आहे. बारदान, निवड, हमाली, बंदरापर्यंतचे भाडे, वाटेतली नासाडी आणि व्यापाऱ्याचा नफा मिळून आठ रुपये जातात. म्हणजे लिलावात शेतकऱ्याला बावीस रुपये देणे निर्यातदाराला परवडते. आता त्या तीस रुपयांवर चाळीस टक्के, म्हणजे बारा रुपये शुल्क आले. गाडीवाला आपले भाडे कमी करत नाही, बारदान स्वस्त होत नाही, व्यापारी नफा सोडत नाही. तीसमधून बारा आणि आठ गेले की उरतात दहा. चाळीस टक्क्यांचा कर शेतकऱ्याच्या भावापर्यंत येईतो निम्म्याहून मोठा होतो! परदेशी खरेदीदाराने दया दाखवून तेहतीस रुपये दिले, तरी शेतकऱ्याच्या वाट्याला बारा रुपयेही येत नाहीत. आणि तो दया का दाखवील? पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तान, चीन यांचा कांदा त्याच्या दारात उभा असतो.

यावर कोणी म्हणेल, दहा रुपयांना शेतकरी निर्यातदाराला कांदा देणारच नाही. तो देशातल्या बाजारात विकेल. अगदी बरोबर. आणि खरी मेख तेथेच आहे. निर्यातदार लिलावातून मागे सरतो, बाहेर जाणारा माल देशातल्या बाजारावर येऊन पडतो आणि तेथील भावही खाली दाबले जातात. २०२२-२३ मध्ये देशात पिकलेल्या कांद्यापैकी साधारण बारावा हिस्सा बाहेर गेला होता. कायद्याने कर बसला तो या बाराव्या हिश्शावर. पण भाव पडला तो बाराही हिश्शांचा. ज्या शेवगाव-पाथर्डीच्या शेतकऱ्याचा कांदा कधी समुद्र पाहणारच नव्हता, त्यानेही या कराचा आपला वाटा उचलला. बाहेर जाणाऱ्या थोड्या मालावरचे पैसे तिजोरीत गेले, पण शेतकऱ्यांच्या खिशातून गेले ते त्याच्या कित्येक पटींनी अधिक. ही जी तफावत, तिची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात होत नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की पहिला फटका निर्यातदारांना खरोखरच बसला. निर्यात मालाला कोणता दर लागू, हे कलम १६ प्रमाणे माल चढवण्याच्या परवानगीच्या दिवशी ठरते, सौदा झाला त्या दिवशी नव्हे. त्यामुळे जुन्या भावाने घेतलेला आणि परवानगीची वाट पाहणारा माल एका रात्रीत चाळीस टक्क्यांच्या तावडीत सापडला. पण तो फटका तेवढ्या मालापुरता होता. पुढच्या लिलावापासून निर्यातदाराने शुल्क भावात धरले. त्याला भाव कमी बोलण्याची मुभा आहे. शेतकऱ्याला, विशेषतः ज्याच्याकडे कांदाचाळ नाही आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे त्याला, माल परत नेण्याची मुभा नाही. ज्याला थांबता येते तो कर पुढे ढकलतो आणि ज्याला थांबता येत नाही तो सोसतो. करविषयक कायद्याच्या पुस्तकात हा नियम नाही, पण वर्गसमाजात चालतो तो हाच.

आता सर्वांत उद्बोधक भागाकडे येऊ. कराचा भार एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो, हे सीमाशुल्क कायद्याला ठाऊक नाही असे नव्हे. १९९१ मध्ये या कायद्यात २८-सी आणि २८-डी ही कलमे घालण्यात आली. २८-सी सांगते की शुल्क भरणाऱ्याने विक्रीच्या कागदपत्रांवर शुल्काची रक्कम स्पष्ट दाखवावी. २८-डी सांगते की ज्याने शुल्क भरले त्याने, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तो सारा भार माल घेणाऱ्यावर टाकला असे गृहीत धरले जाईल. म्हणून चुकीने जास्त वसूल झालेले शुल्क परत करायची वेळ आली आणि व्यापाऱ्याने भार ग्राहकावर टाकलेला असला, तर ती रक्कम व्यापाऱ्याला न मिळता ग्राहक कल्याण निधीत जमा होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९९६ मध्ये मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. भार दुसऱ्याने सोसायचा आणि परतावा आपण खायचा, हे चालणार नाही, असा त्याचा मथितार्थ. समाजवाद्यांनी स्वागत करावे असेच हे तत्त्व आहे.

पण ते अर्धेच आहे. कायदेमंडळाला भार पुढे, म्हणजे ग्राहकाकडे, सरकताना दिसला. मागे, म्हणजे उत्पादकाकडे, सरकताना दिसला नाही. कारखानदाराच्या मालावरील करापुरते हे ठीक आहे, कारण तो आपल्या मालाची किंमत स्वतः ठरवतो. लिलावाच्या ओट्यावर उभा असलेला शेतकरी आपल्या मालाची किंमत ठरवत नाही. ती त्याला ऐकवली जाते. परतावा मागण्याच्या कलम २७ मध्ये कर ‘भरलेला’ आणि कर ‘सोसलेला’ असे दोन्ही शब्द आहेत. परंतु सोसणारा म्हणून कायद्याच्या डोळ्यांपुढे जो उभा राहतो तो खरेदीदार. म्हणून ग्राहकासाठी निधी आहे आणि उत्पादकासाठी नाही. विक्रीच्या बिलावर शुल्काची ओळ लिहिण्याची सक्ती आहे, शेतकऱ्याच्या पट्टीवर लिहिण्याची नाही. जो कर दिसत नाही त्याच्याविरुद्ध अर्ज कसा करणार?

येथे आपल्याच गोटातून एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. धारावीतल्या किंवा पिंपरीतल्या कष्टकऱ्याला कांदा साठ रुपये किलोने घ्यावा लागला तर समाजवाद्याने कोणाची बाजू घ्यावी? शहरी गरीब हासुद्धा आपलाच आहे. एवढेच कशाला, पारनेरच्या शेतात कांदा काटायला रोजावर येणारी बाई हीसुद्धा बाजारातून कांदा विकतच घेते. शेतमालाचे भाव कितीही चढोत, असे आपण म्हणू शकत नाही. डॉ. लोहियांनी ‘दाम बांधो’ची मागणी मांडली ती भाव बांधण्यासाठीच होती. पण भाव बांधायचा तर दोन्ही टोकांना बांधला पाहिजे. तो अमुक एका रकमेच्या खाली पडणार नाही, ही हमी द्यायची नाही आणि वर चढू लागला की शुल्काचा दांडा घालायचा, याला भाव बांधणे म्हणत नाहीत. ते एका बाजूने शेतकऱ्याला बांधणे झाले.

दुसरे असे की शहरातल्या गरिबाला स्वस्त कांदा देणे हे समाजाचे कर्तव्य असेल, तर त्याचा खर्चही साऱ्या समाजाने उचलला पाहिजे. सरकारने रास्त भावाने कांदा घ्यावा, रेशनच्या दुकानातून तोटा सोसून विकावा आणि तो तोटा प्राप्तिकरातून, कंपन्यांच्या नफ्यावरील करातून भरून काढावा. तसे केले तर मलबार हिलवरच्या धनिकाला गरिबाच्या कांद्यासाठी काही द्यावे लागेल. निर्यातशुल्कात मात्र मलबार हिलवरच्या धनिकालाही स्वस्त कांदा मिळतो आणि त्याची किंमत मोजतो संगमनेरच्या पठारावरचा दोन एकरांचा धनी. गरिबाच्या नावाने बसवलेला हा कर श्रीमंताच्या ताटालाही सवलत देतो आणि ती एका गरिबाकडून वसूल करतो. पुरोगामी करपद्धती ती ही नव्हे. शिवाय ओट्यावर भाव पडला की तो तितकाच मुंबईच्या भाजीवाल्याकडे पडतो, असा अनुभव कोणत्या गृहिणीला आहे?

आणखी एक युक्तिवाद असा की हा सारा दोष व्यापाऱ्याचा. सरकारने शुल्क त्याच्यावर बसवले, त्याने ते शेतकऱ्यावर ढकलले. व्यापाऱ्यांची वकिली करण्याचे आम्हाला कारण नाही. पडत्या भावात घेऊन चाळीत भरून ठेवणारा साठेबाज या काळात गब्बर झाला, हे खरेच आहे. पण पाणी उताराकडे वाहणार हे ठाऊक असताना ज्याने बांध फोडला, त्याला ‘पाणी तुमच्या शेतात शिरले यात माझा काय दोष’ असे म्हणता येणार नाही. आणि शेतकरी म्हणजे एकच वर्ग असे मानण्याची चूकही आपण करू नये. ज्याच्याकडे चाळ आहे, बँकेत पत आहे, तो थांबला. ज्याच्याकडे नाही, त्याने काढणीच्या महिन्यातच विकले. पुढच्या हंगामात लागवड कमी झाली तर रोप लावणाऱ्या आणि कांदा काटणाऱ्या मजूर स्त्रियांचे रोज बुडतात, आणि त्यांच्याकडे तर पट्टीही नसते. कर खाली खाली सरकत जातो तो शेवटी तेथे जाऊन थांबतो.

राज्यकर्त्यांना हे समजत नाही असे मात्र समजू नये. जेव्हा परका देश कर बसवतो तेव्हा त्यांना ते चांगले समजते. अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ७ आणि २७ तारखेला पंचवीस अधिक पंचवीस असे पन्नास टक्के जादा आयातशुल्क अनेक भारतीय मालांवर लादले. कायद्याने ते शुल्क अमेरिकेतल्या आयातदाराने भरायचे होते. तरीही आपल्याकडे, आणि योग्यच, ओरड झाली की याचा फटका तिरुपूरच्या शिलाई कामगाराला आणि आंध्रच्या कोळंबी उत्पादकाला बसेल. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर भरलेला कर तिरुपूरपर्यंत कसा पोहोचतो, हे ज्या दिल्लीला कळते, तिला न्हावाशेव्याला भरलेला कर पारनेरपर्यंत कसा पोहोचतो, हे कळू नये? घरचेच उदाहरण हवे असेल तर विदर्भाचे घ्या. बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. ते तेथील आयातदाराने भरायचे होते, पण संत्री सडली अमरावती-नागपूरच्या बागांत. तेव्हा २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारनेच संत्रा निर्यातीसाठी अनुदान जाहीर केले. परक्याने बसवलेल्या कराचा भार आपल्या शेतकऱ्यावर येतो, हे मान्य. मग स्वतः बसवलेल्या कराचा येत नाही, हे कसे?

निर्यातकरावर पिकवणाऱ्या प्रदेशाचा हक्क असतो, हा विचार या देशाला नवा नाही. इंग्रजांच्या राज्यात तागावर निर्यातकर होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने त्या उत्पन्नाचा किमान निम्मा वाटा ताग पिकवणाऱ्या प्रांतांना देऊ केला आणि १९३६ च्या नीमियर निवाड्याने तो साडेबासष्ट टक्के केला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम २७३ ने त्या वाट्याच्या बदल्यात आसाम, बिहार, ओरिसा आणि पश्चिम बंगाल यांना जास्तीत जास्त दहा वर्षांपुरते अनुदान मान्य केले. तो पैसा सरकारांच्या तिजोऱ्यांत गेला, शेतकऱ्याच्या हाती नव्हे, ही त्यातील उणीव होती. पण तत्त्व मान्य झाले होते : कर बंदरात वसूल होत असला तरी तो शेतातून येतो. परक्या सत्तेलाही जे मानावे लागले, ते आजच्या लोकनियुक्त सरकारला मानता येऊ नये?

आणि हा प्रश्न केवळ कांद्याचा नाही. साखरेवर जून २०१६ मध्ये वीस टक्के निर्यातशुल्क बसले आणि मार्च २०१८ मध्ये उठले. मळीवर जानेवारी २०२४ मध्ये पन्नास टक्के बसले. कागदावर ते साखर कारखान्याने किंवा निर्यातदाराने भरायचे. पण कारखान्याच्या उत्पन्नातून जे कमी होते ते उसाच्या दुसऱ्या हप्त्यातून कापले जाते, हे प्रवरा आणि गोदावरीच्या काठावरच्या सभासदाला सांगायला नको. आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये ज्या जिल्ह्यात उभा राहिला, त्या जिल्ह्याने तरी हा प्रश्न प्रथम विचारायला हवा होता.

‘शेतकऱ्यांनी स्वतःच निर्यातदार व्हावे’ असा उपदेश हल्ली फार ऐकू येतो. सहकाराने निर्यात व्हावी ही आमचीही भूमिका आहे. पण २०२३ मध्ये केंद्राने स्थापन केलेल्या राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेचा अनुभव काय सांगतो? बंदीच्या काळात सहा देशांना पाठवायच्या ९९,१५० टन कांद्याचे काम तिच्याकडे सोपवले गेले. तिने तो घेतला ऑनलाइन निविदेतून, सर्वांत कमी दर देणाऱ्याकडून! नाव सहकाराचे आणि रीत बाजाराची. आणि एखाद्या उत्पादक कंपनीने खरोखरच स्वतः माल पाठवला, तर वर सांगितलेली शिपिंग बिलाची, शुल्काची आणि पाच-पाच वर्षांच्या नोटिशीची सारी जबाबदारी तिच्या संचालकांच्या अंगावर येते. जबाबदारी घेण्याची तयारी जरूर ठेवावी. परंतु शनिवारी अधिसूचना काढून कर बदलणाऱ्या सरकारपुढे ती छोटी संस्था किती दिवस टिकेल?

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली : १९७५ च्या दर कायद्याचे कलम ८ तातडीच्या कारणासाठी सरकारला अधिसूचनेने निर्यातशुल्क बसवू देते आणि संसदेची मान्यता नंतर घेतली जाते. शेतमालापुरता हा अधिकार काढून घ्यावा. संसदेत चर्चा झाल्याशिवाय आणि हंगामापूर्वी सूचना दिल्याशिवाय शेतमालावर निर्यातशुल्क नसावे. दुसरी : असे शुल्क बसलेच तर त्याचे उत्पन्न वेगळ्या उत्पादक निधीत जमा व्हावे आणि त्या काळातील पट्ट्यांच्या आधारे, लहान शेतकऱ्याला आधी, परत दिले जावे. तिसरी : कलम २८-डी मध्ये दुरुस्ती करून शेतमालाच्या निर्यातशुल्काचा भार उत्पादकावर पडला असे गृहीत धरावे आणि ते खोटे ठरवण्याची जबाबदारी सरकारवर व व्यापाऱ्यावर टाकावी. चौथी : निर्यातशुल्क लागू असलेल्या प्रत्येक दिवशी बाजार समितीच्या फलकावर आणि प्रत्येक पट्टीवर त्याचा दर छापण्याची सक्ती करावी. पाचवी : शहरी व ग्रामीण गरिबांना रेशनवर कांदा द्यावा आणि त्याचा खर्च तिजोरीतून करावा.

यांतील पहिल्या तीन मागण्यांसाठी संसदेपर्यंत जावे लागेल. चौथीसाठी मात्र दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्ह्यातील बाजार समित्यांवर शेतकऱ्यांनी निवडून दिलेले संचालक बसतात. फलक लावण्यासाठी त्यांच्याकडे आजच आग्रह धरता येईल. आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव आणखी एक काम हाती घ्यावे. ऑगस्ट २०२३ पूर्वीच्या आणि नंतरच्या पट्ट्या गोळा कराव्यात, तारीखवार लावाव्यात, शुल्क आले त्या आठवड्याचा आणि ते गेले त्या आठवड्याचा भाव शेजारी शेजारी मांडावा आणि तो कागद ग्रामसभेत वाचून दाखवावा. पिकाची आवक, पाऊस, साठा यांचाही परिणाम भावावर होतो. तो प्रामाणिकपणे वेगळा करून दाखवावा, म्हणजे विरोधकाला बोट ठेवायला जागा राहणार नाही. शुल्क आज नाही म्हणून स्वस्थ बसावे, असे कोणी म्हणेल. पण शुल्क उठले असले तरी ते बसवण्याचा अधिकार उठलेला नाही. कांद्याचा भाव पुन्हा चढेल, निवडणूक पुन्हा जवळ येईल, आणि एखाद्या शनिवारी पुन्हा अधिसूचना निघेल. त्या दिवशी शेतकऱ्याच्या हातात नुसता संताप असून भागणार नाही. मागच्या पट्ट्यांचा लिहून ठेवलेला हिशेबही असला पाहिजे.